दाजींचं गाऱ्हाणं

कुडाळहून येणारी एसटी चढणीवर बंद पडली की बाकीचे प्रवासी ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत. आमचे सरपंच दाजी सामंत मात्र खाली उतरत, टोपी सारखी करत आणि बॉनेटसमोर हात जोडून सुरू करत, “बा देवा म्हाराजा! ही गाडी आज हंय अडान बसली आसा...” सगळे प्रवासी, अगदी ड्रायव्हरसुद्धा, ओरडत, “व्हय म्हाराजा!” गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. दाजी मात्र दर वेळी तितक्याच जोरात उतरायचे.

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. एकानं देवाकडे मोठ्यानं मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. रवळनाथाच्या देवळात तो मान दाजींचा. त्यांनी तो बाहेरही चालवला. व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, असाच मिळाला. पाहणीला आलेल्या इंजिनियरसाहेबांना त्यांनी पाण्याच्या काठी उभं केलं आणि साहेबांच्या बढतीपासून बाईसाहेबांच्या गुडघ्यापर्यंत सगळं देवाकडे मागून टाकलं. साहेब इतके विरघळले की पावसाळ्याआधी साकव उभा!

मी दाजींचा शेजारी आणि गावचा शाळामास्तर. मास्तरांना प्रचाराची बंदी, ऐकायची नाही. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीला दाजी उभे राहिले तेव्हा त्यांची एकही सभा मी चुकवली नाही.

समोर होते अण्णा वकील. आमच्याच गावचे, पण मालवणच्या कोर्टात राहून भाषा कडक इस्त्रीची झालेली. ते कागद बघून भाषण वाचत आणि लोक जांभया देत. दाजींच्या सभेत मात्र “व्हय म्हाराजा”च्या आरोळ्यांनी कावळे उडत. “मास्तरानू, ऐकलात? सगळी मता आपली!” दाजी म्हणत. गाऱ्हाण्याला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही, हे त्यांच्या कानात सांगायचं धैर्य मला झालं नाही.

शेवटच्या सभेत दाजी रंगात आले. गावातल्या घराघराचं नाव घेऊन मागणं सुरू झालं. कोणाची म्हैस, कोणाची मुलगी, कोणाचं मुंबईतलं काम. ओघात अण्णांचं घर आलं. दाजींची जीभ थांबली नाही. “आणि म्हाराजा, आमचो अण्णा वकील विलेक्शनीक उभो रवलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खा गाव गरजला.

दाजींनी स्वतःच्या तोंडावर हात मारला, पण मागणं पोचलं होतं. अण्णा निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सांत्वनाला गेलो, तर दाजी पडवीत बसून हसत होते. “देवान माझाच ऐकल्यान, मास्तरानू. आता तक्रार खंय करू?”

मला राहवलं नाही. दाजींचा एकुलता एक मुलगा वसंता बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. चार वर्षांत त्याचं पत्र नव्हतं. मी म्हटलं, “देव तुमचं इतकं ऐकतो, तर वसंतासाठी का नाही मागत?”

हसू गेलं. “गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपल्यासाठी मागूचा नसता. तो मधलो माणूस.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “आणि दुसरो कोण मागतलो? हो मान माझोच मा?”

त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. दाजींच्याच मागण्यानं निवडून आलेल्या अण्णांना जाऊन मी सगळं सांगितलं.

दसऱ्याला सारा गाव देवळात जमला. दाजींनी सगळ्यांसाठी मागितलं, नेहमीप्रमाणे आपलं एक घर सोडून. संपवून ते मागे वळले, तर अण्णा वकील नारळ घेऊन पुढे आलेले. हातात कागद नव्हता. इस्त्रीची भाषाही नव्हती.

“बा देवा म्हाराजा,” अण्णा अडखळले, “आमच्या दाजींचो झील वसंता... जंय आसात थंय तेका सुखी ठेव... आणि आवशी-बापाशीक एक पत्र लिवची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असा आवाज मी कुठल्याच सभेत ऐकला नव्हता.

मी दाजींकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणारा तो माणूस खांबाला धरून उभा होता. त्यालाही “व्हय म्हाराजा” म्हणायचं होतं, ओठ हलत होते. आवाज मात्र फुटत नव्हता.