कारण सबळ हाय का?

शीतलताई स्वतःलाच रजेचा अर्ज लिहितात. ‘प्रति, माननीय मालकीणबाई, भाकरी केंद्र, तिसगाव’ अशी सुरुवात, खाली ‘आपली विश्वासू’ आणि सही. मग टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसायचं, चष्मा लावायचा आणि तोच अर्ज मालकीण म्हणून तांबडं पेन घेऊन वाचायचा. एकदा त्यांनी स्वतःचाच अर्ज नामंजूर केला आणि दिवसभर फुगून बसल्या.

“भाऊसाहेब, मालकीन लई खडूस हाय हो,” मला म्हणाल्या. निवृत्तीनंतर माझी रोजची बैठक त्यांच्या या केंद्रातच असते.

पूर्वी आम्ही दोघं एका दूध संस्थेच्या ऑफिसात होतो. टेबलाला टेबल लागून. आवक-जावक माझ्याकडे असल्यामुळे माझा शिक्का खाल्ल्याशिवाय एकही कागद साहेबांपर्यंत पोचत नसे. ऑफिस सोडलं, पण त्यातलं एक वाक्य ताई बरोबर घेऊन आल्या: “कारण सबळ हाय का?”

कुणी वीस भाकऱ्या मागितल्या की ताई विचारणारच.

“पाव्हने आलेत, ताई.”

“कुठले?”

“बायकोच्या माहेरचे.”

“मग सबळ हाय. पंचवीस न्या.”

भाकरी थापणाऱ्या यमुनाबाईंनाही सुटका नाही. त्यांची म्हैस व्यायला झाली, तेव्हा ताई म्हणाल्या, “तोंडी चालनार न्हाई. अर्ज द्या.”

“मला कुठं लिव्हता येतंय?”

मग ताईंनीच अर्ज लिहिला, यमुनाबाईंचा अंगठा घेतला, टेबलाला वळसा घातला आणि मंजुरी दिली. रजेच्या प्रकारापुढे लिहिलं: ‘बाळंतपणाची (म्हशीच्या)’.

हे सगळं कशातून आलं ते सांगतो. त्यांची गार्गी दुसरीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला कोंबडीचं काम मिळालं होतं. ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि कारण लिहिलं, ‘मुलगी कोंबडी झाली आहे.’ ऑफिसात हशा पिकला. मी तर शिक्का मारताना “क्वॉक क्वॉक” केलं. साहेबांनी नामंजूर केलं. तिकडे गार्गी स्टेजवर आईला शोधत उभी राहिली आणि तिच्या तोंडून एक शब्दही न निघता पडदा पडला. आठ दिवसांत ताईंनी राजीनामा दिला. चांगली नोकरी सोडून भाकऱ्या थापायचं खूळ कुठून घेतलं, असं सगळं गाव म्हणत होतं. मीही म्हणत होतो.

आता गार्गी दहावीत आहे. परवाच्या गॅदरिंगचं निवेदन तिच्याकडे होतं, आणि नेमकी त्याच दुपारी एका हळदीची चारशे भाकऱ्यांची ऑर्डर. ताईंनी सकाळीच अर्ज लिहिला. पलीकडे जाऊन बसल्या, वाचला, अलीकडे आल्या, परत पलीकडे गेल्या. पाच फेऱ्या झाल्या.

“भाऊसाहेब, मालकीन ऐकंना,” त्या म्हणाल्या. या वेळी हसल्या मात्र नाहीत. “हळदीचं वऱ्हाड उपाशी ठिवायचं का?”

चुलीपाशी यमुनाबाईंचा संयम सुटला. “आना हिकडं त्यो कागद!” म्हणाल्या, आणि पिठानं माखलेला अंगठा त्यांनी अर्जावर दाबला. “झाला मंजूर. माज्या दोन्ही जावा येत्यात थापायला. तुमी निघा!”

“आवं, पन हुकूम मालकीनीचा लागतो...”

“मालकीनीलाबी घिऊन जावा!”

ताई निघाल्या. साडी नवी, केसांत पीठ, आणि पायांत यमुनाबाईंच्या चपला. कोपऱ्यावरून ओरडल्या, “भाऊसाहेब, अर्ज फाईलला लावा!”

निवृत्त झालो तरी कागद हातात आला की मला राहवत नाही. मी फाईल उघडली. सगळ्यांत खाली एक जुना, पिवळा पडलेला कागद होता. कोंबडीचा अर्ज. त्यावर माझाच आवक शिक्का, जरा तिरका पडलेला. हसता हसता मारला होता ना.

खाली साहेबांचा शेरा होता: ‘कारण सबळ नाही.’ त्यातलं ‘नाही’ तांबड्या पेनानं खोडून ताईंनी वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आहे. मंजूर. उशीर झाला, गार्गी.’

मला फार लाज वाटली. मी नवा अर्ज त्याच्यावर लावला, हात धुतले आणि यमुनाबाईंना विचारलं, “पीठ कुठलं मळायचं?”