धरणफेरी, तात्यांच्या जबाबदारीवर

आमचे तात्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून फिरतात.

साधा पट्टा नव्हे. जुन्या मशीनच्या रबरी पट्ट्याची फीत, तिच्यातून बाहेरच्या अंगाला काढलेले टोकदार खिळे आणि मागे बक्कल. बिबट्या मानेला धरतो, म्हणून आमच्याकडे राखणीच्या कुत्र्यांना असले पट्टे घालतात. हल्ली रानात वाकून काम करणारी माणसंही घालायला लागलीत. पण ती रानात घालतात आणि घरी येताना काढतात. तात्या तो घालून माझ्या हॉटेलात चहाला येतात, ओतूरच्या बाजाराला जातात, आणि एकदा तर शेजारच्या गावात साखरपुड्याला गेले. नवरीच्या मामांनी गळाभेटीला हात पसरले होते, त्यांनी ते वाटेतच आवरून लांबून नमस्कार घातला.

"तात्या, काढा की आता. माणसात आलाय," मी म्हणते.

"असू दे. मान आपली, जबाबदारी आपली."

हे त्यांचं पालुपद. पाऊस लांबला, विजेची डीपी जळाली, कुणाच्या पोरीचं लग्न जमेना, तात्या छातीवर हात ठेवून म्हणणार, "जबाबदारी आपली." पुढे काही करतीलच असं नाही. पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

तात्या माझे चुलत सासरे. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते तात्या हॉटेलात येऊन सांगून जातात. हॉटेल म्हणजे काय, धरणाच्या रस्त्याला पत्र्याची शेड. चहा, मिसळ, भजी. समोर धरणाचा फुगवटा आणि पलीकडे डोंगर. अशी जागा पुण्यात पैसे देऊन मिळायची नाही, हे मी गिऱ्हाइकांना सांगत असते. शनिवार-रविवारी शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, आणि हल्ली त्या गाड्यांतून माणसांच्या आधी कुत्री उतरतात.

कुत्रं उतरलं की तात्या उठलेच. मालकाकडे ढुंकून बघत नाहीत. थेट कुत्र्यासमोर उकिडवे बसतात.

"या पावणं! कुठलं तुमी?"

मालक बिचारा मधे पडून सांगतो, "पिंपरी. ब्रुनो नाव याचं."

"तुमाला न्हाई इचारलं, राव. बरं झालं आलात, पावणं. आदी पट्टा, मग फेरी. इथं असंच हाय."

मग पिशवीतून पट्टे निघतात. वासराएवढ्या कुत्र्यापासून मांजराएवढ्यापर्यंत सगळी मापं तात्यांनी स्वतः बनवलेली. ही मांजराएवढी मापं सुरुवातीला नव्हती. एका बाईंनी चहाच्या किटलीएवढं कुत्रं आणलं होतं, अंगात गुलाबी स्वेटर. तात्यांनी त्याला होता तो पट्टा घातला. त्या वजनानं कुत्र्याची हनुवटी जी जमिनीला टेकली ती वर येईना. बाई रडकुंडीला आल्या. तात्या मात्र गंभीर. त्यांनी पायातली चप्पल काढली, तिचा अंगठा कापला, चांभाराकडचे बारीक खिळे त्यात ठोकले आणि तो पट्टा किटलीच्या गळ्यात बांधला. कुत्रं असं काही ऐटीत चालायला लागलं की गावातली दोन मोठी कुत्री बाजूला झाली. तात्या एका पायात चप्पल घालून सबंध फेरी चालले. त्या बाईंनी फोटो काढून मोबाईलवर पाठवला, आणि पुढच्या रविवारपासून गाड्या थांबवून लोक विचारायला लागले, "ते काटेवाले काका कुठे भेटतील?"

तात्यांच्या फेरीला तोड नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. हॉटेलापासून पाण्याच्या कडेकडेनं जांभळीच्या झाडापर्यंत आणि परत. दोन्ही बाजूंची घाणेरीची झुडपं त्यांनी एकट्यानं कोयत्यानं तोडली, म्हणजे जनावराला दबा धरायला जागाच नको. ऊन डोंगरावरून खाली उतरल्याशिवाय निघायचं नाही. ऊन कलायच्या आत माघारी. पोरं आणि बारकी कुत्री मधे. कुणी मागे रेंगाळायचं नाही. आणि तोंड बंद ठेवायचं नाही, कारण माणसांचा आवाज आला की बिबट्या आपणहून लांब जातो. तात्या स्वतः तर थेट त्याच्याशीच बोलतात. "ए भाऊ! आमी आलोय रं! संगती पावणं हाईत! तुजं तू बघ, आमचं आमी बघतो!" शहरातली माणसं आधी हसतात. जांभळी येईस्तोवर तीही ओरडायला लागतात.

लोकांना वाटतं, तात्यांना पर्यटनाचं वेड आहे. तात्याही तसंच सांगतात. "टुरिझम वाढला पायजे. गावाचं नाव झालं पायजे." पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय. खरं कारण भिंतीच्या अलीकडे मला माहीत आहे.

तात्यांचा मुलगा संदीप पुण्यात असतो. तो, त्याची बायको प्राजक्ता आणि कुकी. कुकी म्हणजे लांब कानांची तपकिरी कुत्री. त्यांना मूलबाळ नाही, जे आहे ते कुकीच. आधी दोघं महिन्याआड यायची. काकू, म्हणजे तात्यांची बायको, गेल्यानंतर तात्यांना तेवढाच आधार होता. मग शाळेमागनं बिबट्यानं एक कुत्रं नेलं, ते प्राजक्ताच्या कानावर गेलं आणि येणं थांबलं. कुकीला पुण्यात एकटी ठेवता येत नाही आणि इथं आणायची छाती होत नाही. दिवाळी तशीच गेली. उन्हाळाही गेला.

तात्या फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळे सूनबाईंचं बोलणं मला पाठ झालं होतं. "तात्या, आम्हालाही यावंसं वाटतं हो. पण कुकीला काही झालं तर?"

"काय व्हत न्हाई गं! बिबट्या हाय कुठं आपल्याकडं? माणसं उगाच उठवत्यात."

हे बोलताना गळ्यात पट्टा असायचाच.

म्हणून ही वाट. म्हणून दुनियेची कुत्री फिरवून आणायची, प्रत्येकाचा फोटो काढायचा आणि संदीपला पाठवायचा. खाली एकच ओळ, "हे बी सुखरूप." कधीतरी सून म्हणेल, एवढी कुत्री फिरतात तर आपलीही फिरेल. बाकी टुरिझम गेला पाण्यात.

आणि या थंडीत ती म्हणाली. शनिवारी येतो, मुक्कामाला येतो, कुकीला घेऊन.

त्या आठवड्यात तात्यांनी मला जगू दिलं नाही. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. दाराची कडी बदलली. कुकीच्या पट्ट्याला आतून मऊ गोधडीचं अस्तर लावलं आणि ते टोचतं का हे बघायला स्वतःच्या मनगटाला बांधून दिवसभर वागवलं. "तुमच्या लग्नात नवरीला एवढं जपलं होतं का?" मी विचारलं. तात्या चक्क लाजले.

शनिवारी सकाळी मी भज्यांचं पीठ भिजवत होते. तात्या आले. चहा मागितला नाही.

"मंदा, जरा संगती ये."

जांभळीच्या अलीकडे पाण्याकाठच्या ओल्या मातीत पावलं उमटली होती. गोल, ताजी, पाण्यापर्यंत गेलेली आणि तिथून वर. खालच्या अंगाला ऊसतोड सुरू झाली की ही जनावरं उघड्यावर पडतात आणि जागा शोधत फिरतात.

"कुत्र्याची असतील," मी म्हटलं.

"कुत्र्याची नखं उमटत्यात. ह्याची कुठं हाईत?"

तात्यांचा चेहरा मला बघवेना. वर्षभर कोयता चालवून केलेली वाट, आणि नेमकं आजच. मी म्हटलं, "पायानं पुसून टाका, तात्या. भर दिवसा कुठं येतंय जनावर? कोण सांगायला जातंय त्यांना?"

तात्यांनी पाय उचलला. खरंच उचलला. मग बाजूला ठेवला आणि खिशातून फोन काढला.

"प्राजक्ता, कुठवर आला? मंचर? गाडी बाजूला घ्या. वाटंवर बिबट्याचं पाऊल हाय. ताजं हाय. आन आजवर मी तुला काय व्हत न्हाई म्हनत व्हतो, ते खोटं व्हतं. बिबट्या हाय आपल्याकडं. पयल्यापासनं हाय. कुकीला आणू नगा. माघारी जावा."

पलीकडून उत्तर यायच्या आत त्यांनी फोन बंद केला. हॉटेलात येऊन बाकड्यावर बसले. वनखात्याच्या माणसाला फोनवर कळवलं. समोरच्या चहावर साय धरली. आयुष्यभर छाती पुढे काढून चालणारा माणूस असा खांदे पाडून बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

भज्यांचा घाणा उतरवला आणि समोर गाडी थांबली. आधी संदीप उतरला, मग कुकीला छातीशी धरून प्राजक्ता.

"मी माघारी जावा म्हनलं व्हतं," तात्या उठून उभे राहिले.

"ऐकलं," प्राजक्ता म्हणाली. "तात्या, तुम्ही 'काही होत नाही' म्हणायचात ना, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. वाटायचं, यांना धोका दिसतच नाहीये, यांच्या भरवशावर कसं यायचं? आज तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आता कुकीला कुठे फिरवायचं आणि कुठे नाही, ते तुम्हीच सांगा. मी ऐकीन."

तात्यांनी 'जबाबदारी आपली' न म्हणताच पिशवीतून अस्तराचा पट्टा काढला. असं होताना गावानं पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी कडक उन्हात फेरी निघाली. पाण्याकडे नाही, उघड्या डांबरी रस्त्यानं, धरणाच्या भिंतीच्या दिशेनं. तात्यांच्या घरी कुकी आलीय म्हटल्यावर आळीतली सगळी माणसं सामील झाली, आमचे हेसुद्धा टोमॅटोला पाणी द्यायचं सोडून आले. मधे कुकी, गळ्यात अस्तराचा पट्टा, कान फडफडवत. सगळ्यात शेवटी तात्या, कारण जनावर धरतं ते शेवटच्याला. अर्धा वेळ ते उलटेच चालत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "मिरवणूक कशाची?" मी सांगितलं, "आमच्या पाहुण्या फिरायला निघाल्यात." अशी मान ताठ करून मी माझ्या लग्नातसुद्धा चालले नव्हते.

रात्री ती दोघं राहिली.

रविवारी सकाळी प्राजक्ता एकटीच हॉटेलात आली, शालीत गुरफटून. धुक्यानं समोरचं धरण दिसत नव्हतं.

"मंदावहिनी, रात्री मी पाणी प्यायला उठले होते. कडी लावलेली, अडसर घातलेला, आणि तात्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेले. मांडीवर कुकी. मी काही बोलणार तेवढ्यात तोंडावर बोट ठेवलं. म्हणाले, हळू, ती आत्ताशी झोपलीय."

थोड्या वेळानं तात्या आले. डोळे लाल, स्वेटरवर स्वेटर, त्यावर तपकिरी केस चिकटलेले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते ऊब घेत बसले.

"काय तात्या," मी विचारलं, "रात्री दाराशी कशाला बसला होता?"

त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, मग धुक्याकडे.

"आतल्या खोलीत लई उकडत व्हतं," तात्या म्हणाले.