पलूसची तिमाही सभा

"युवक संघाचे अध्यक्ष आलेत का?" सुपरिंटेंडेंट रेव्हरंड साळवे यांनी खुर्चीवर बसता बसता विचारलं.

शांतवन खिलारे उठून उभे राहिले. साठी केव्हाच उलटली होती. "मीच हाय साहेब."

"खजिनदार?"

खिलारे नुकतेच कुठे टेकले होते. पुन्हा उठले. "मीच."

"विश्वस्त समिती? संडे स्कूल?"

"आता उभाच ऱ्हातो," खिलारे म्हणाले.

मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत देवाचं कामसुद्धा ठरावानं चालतं. वर बिशप, खाली वार्षिक परिषद, तिच्या खाली जिल्ह्याचे सुपरिंटेंडेंट आणि सगळ्यात खाली गावोगावच्या मंडळ्या. त्यांची दर तीन महिन्यांनी सभा. कागदावर सगळं झकास होतं. पण १९७४ सालापर्यंत पलूसच्या मंडळीतली पोरं पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेली होती, काहींच्या मागोमाग त्यांचे आईबाप गेले आणि उरलेल्यांना देवानं नेलं. समित्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या. त्या सगळ्या खिलाऱ्यांच्या गळ्यात पडल्या. बायको मार्था वारल्यापासून ते घरात एकटेच होते. रविवारी चर्च झाडायचं, घंटा द्यायची, एवढ्यावर त्यांचा आठवडा तग धरून होता.

दुसऱ्या सभासद साळूबाई. त्याही एकट्याच. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं चर्चला दिलेला बाक वाळवी लागली म्हणून खिलाऱ्यांनी बाहेर काढला, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी खिलाऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. रविवारी घरून पाट आणून त्या भिंतीला टेकून बसत. आजही तशाच बसल्या होत्या. मंडळीत माणसंच दोन, त्यामुळे हजेरी शंभर टक्के होती.

"परिषदेचं म्हणणं स्पष्ट आहे," साळवे म्हणाले. "अहवाल मंजूर झाले तर मंडळी चालू राहील. नाही झाले तर पलूस कराडला जोडायचं आणि इथं कुलूप. मग वाचा."

खिलाऱ्यांनी घसा साफ केला. "विश्वस्त समितीची सभा झाली. सर्व सभासद हजर होते. वादविवाद झाला न्हाई. अहवाल मंजुरीस मांडतो."

"अनुमोदन?"

साळूबाई छपराकडे बघत होत्या.

"साळूबाई, मांडणाऱ्याला स्वतःचंच अनुमोदन देता येत नाही आणि मी पडलो अध्यक्ष. तुम्हीच उरलात."

"त्यांस्नी सांगा, बाकाला वाळवी लागती तशी अहवालाला बी लागती."

विश्वस्तांचा अहवाल पडला. मग खजिनदाराचा पडला, संडे स्कूलचा पडला. युवक संघाचा तर खिलाऱ्यांनी अर्ध्यातच आवरला. आता साळूबाईंच्या महिला सभेची पाळी आली.

"आमची सभा दर गुरवारी भरती," त्या जागेवरूनच म्हणाल्या.

"हजर किती असतात?"

"मी."

"प्रार्थना कोण करतं?"

"मीच करती."

"आणि आमेन?"

"जरा वाट बघती. मग मीच म्हन्ती."

साळव्यांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी खिलाऱ्यांकडे पाहिलं. खिलारे साळूबाईंकडे वळले. द्यावं का अनुमोदन? पण चार अहवालांचा अपमान ताजा होता. तेही छपराकडे बघू लागले. हाही अहवाल पडला.

"छान!" साळव्यांनी चष्मा काढून पुसला. "आता कराडला जोडण्याचा ठराव तेवढा राहिला. पण तोही तुमच्यातूनच यायला हवा. वरून लादायचा नाही, असा नियम आहे."

खिलाऱ्यांचं डोकं फिरलं. "मांडतो! एकट्यानं घंटा वाजवायची आन् एकट्यानंच ऐकायची, कशापायी? पलूसची मंडळी कराडला जोडावी!" शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला आणि ते मटकन खाली बसले.

"अनुमोदन?"

"न्हाई," साळूबाई म्हणाल्या.

"अहो बाई, सकाळपासून तुम्हीच तर..."

"ह्या मान्साच्या कुठल्याच ठरावाला माझं अनुमोदन न्हाई. आन् कुलूप लावल्यावर रविवारी मी कुणावर रुसून बसू?"

साळव्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मंडळी चालवायचा ठराव नाही, बंद करायचाही नाही. म्हणजे आहे तेच पुढे चालू. वार्षिक परिषदेत हे कसं सांगायचं याचा विचार त्यांनी कराडला पोचेपर्यंत पुढे ढकलला. "बरं, सभा संपवण्याचा ठराव तरी मांडा. मला यष्टी गाठायचीय."

तो ठराव कुणीच मांडला नाही. सभा संपली की खिलाऱ्यांना घरी जाऊन स्वतःच लावलेलं कुलूप स्वतःच काढायचं होतं. दुपारी जेवलास का, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. साळूबाईंचं घरही तसंच. दोघांनाही जायची घाई नव्हती आणि दोघांनाही तसं म्हणायचं नव्हतं. साळव्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. बाहेर रस्त्यावरून यष्टी भोंगा वाजवत निघून गेली.

"गेली," साळूबाई उठल्या. "साहेब, आता संध्याकाळशिवाय गाडी न्हाई. माझ्या घरला चला. च्या टाकती, दोन भाकरी बी थापती."

"माझं अनुमोदन हाय!" खिलारे ताडकन उठून म्हणाले.

साळवे हसू दाबत दोघांकडे बघत राहिले. साळूबाईंनी पाट काखेत मारला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आवं, नुसतं अनुमोदन देऊन चूल पेटत न्हाई. वाटंत जळण घ्या."

त्या खिलाऱ्यांशी बोलल्या होत्या.