न येणाऱ्या आवाजाचा पंचनामा

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंनी बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुनं औद्योगिक शिलाई मशीन विकत घेतलं. ही काही नोंद करावी अशी घटना नव्हती. मी इमारतीचा सेक्रेटरी असल्यामुळे कुठल्या घटनेची नोंद करायची आणि कुठलीकडे काणाडोळा करायचा हे मला कळतं. मशीन वर चढवायला चार माणसं लागली, जिन्याच्या कठड्याचा रंग दोन ठिकाणी खरवडला गेला, एवढंच.

काही महिन्यांनी तक्रार आली ती मशीनच्या मोटरबद्दल. मोटर जुन्या पद्धतीची, क्लचवाली. बटण दाबलं की तिची गुरगुर सुरू, ती बटण बंद करेपर्यंत. बाई शिवत असोत, कापड बेतत असोत, नाहीतर दाराशी उभ्या राहून कोणाशी बोलत असोत, टेबलाखाली मोटरचं आपलं चालूच. अशी माणसंही असतात, पण त्यांना टेबलाखाली बसवता येत नाही.

बाईंच्या बरोबर खाली निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळेच सर म्हणतात. एके दिवशी ते दोन पानी अर्ज घेऊन माझ्याकडे आले. अर्जाला समास सोडलेला होता आणि महत्त्वाची वाक्यं लाल शाईने अधोरेखित केलेली होती.

"अहो, डोक्यात भुंगा शिरल्यासारखं वाटतं," सर म्हणाले. "दुपारी आडवं झालं की पलंग थरथरतो. हिला वाटतं मीच थरथरतोय."

"बाईंशी बोललात का?"

"छे! शेजारी आहोत. बोललं की संबंध बिघडतात."

हे मलाही पटलं. संबंध बिघडू नयेत म्हणून मी तो अर्ज ध्वनी नियंत्रण कार्यालयाकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी बाईंच्या दारावर नोटीस चिकटली. निरीक्षक येऊन आवाज मोजतील, पंचावन्न डेसिबलच्या वर गेला तर मशीनला सील. बाई ती नोटीस हातात घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना एका दवाखान्याच्या साठ पडद्यांचं काम मिळालं होतं. पडदे महिनाअखेर पोचले, तर वर्षभराच्या चादरी आणि उशांचे अभ्रेही त्यांच्याकडेच येणार होते. पहिलंच एवढं मोठं काम.

"दादा, मला एका शब्दाने सांगायचं ना," बाई म्हणाल्या. "मी काय हौसेने आवाज करते?"

"तोंडी सांगण्याची तरतूद नाही," मी म्हणालो.

बाई घरी गेल्या आणि त्यांनी नणंदेला फोन केला. नणंद कपडे धुण्याची मशीन दुरुस्त करते. ती दुसऱ्याच दिवशी पिशवीभर पाने-पकडी आणि एक नवी सर्वो मोटर घेऊन आली. ही मोटर पायडल दाबलं तरच फिरते, पाय उचलला की गप्प. मला ती बसवण्यावर देखरेख करणं भाग होतं, कारण इमारतीत काहीही ठोकायचं झालं की सेक्रेटरी हजर लागतो. शिवाय बाईंकडे चहा चांगला मिळतो.

नणंद टेबलाखाली उताणी झाली. तीन बोल्ट सोडून जुनी मोटर उतरवली, नवी चढवली, तिची पुली वरच्या चाकाच्या बरोबर रेषेत आणली. जुना पट्टा आखूड पडला, म्हणून लांब पट्टा आणला. तो अंगठ्याने दाबला की बोटभर दबेल इतकाच ताणला. शेवटी पायडलचा दांडा मोटरच्या कानाला जोडला.

"दाबा वहिनी."

बाईंनी पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं आणि पडद्याखाली दोऱ्याचं घरटं झालं.

"वन्सं, हे मागे शिवतंय की काय?"

"थांबा, त्याला दिशा दाखवावी लागते." नणंदेने मोटरच्या डबीवरची बटणं दाबायला घेतली. माहितीपुस्तक कुठल्या भाषेत होतं ते सरांनाही ओळखता आलं नसतं. पण चित्रात एक बाण होता, आणि नणंदेला तेवढा पुरला. चाक सुलट झालं. दुसऱ्या दाबाला मात्र पडदा सुईखालून असा सुसाट निघाला की बाई त्याच्यामागे अर्ध्या उठल्या. मग वेगाचं बटण पिळून तो एका समंजस माणसाइतका केला. आवाज? कात्रीने कापड कापताना होतो तेवढा. बाईंनी त्या संध्याकाळी चार पडदे शिवले आणि मी दोन कप चहा प्यायलो. वाटलं, प्रकरण मिटलं. सेक्रेटरीपदाच्या बारा वर्षांत मला इतकं चुकीचं कधी वाटलं नव्हतं.

ठरल्या दिवशी निरीक्षक आले. किरकोळ अंगाचे, अतिशय नम्र, हातात स्पंजाची टोपी घातलेलं ध्वनिमापक यंत्र. पंच म्हणून मी आणि तक्रारदार म्हणून सर उपस्थित होतो.

"करा चालू," निरीक्षक म्हणाले.

बाईंनी पायडल दाबलं. शिवण झरझर पुढे सरकली. निरीक्षक यंत्राकडे बघत राहिले.

"केलंत का?"

"केलं की."

"मग आवाज?"

"येत नाही, साहेब."

निरीक्षकांनी पंखा बंद करायला लावला, खिडकी लावून घेतली, सगळ्यांना श्वास हळू घ्यायला सांगितला. यंत्रावर एकदम त्रेचाळीसचा आकडा उमटला. तो त्यांच्या पोटाचा होता. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. पण तो आकडा नमुन्यात भरणं नियमबाह्य ठरलं असतं.

"अडचण आहे," त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. "आवाजाचं स्वरूप, सतत की खंडित, एवढेच दोन रकाने आहेत. आवाज नाही म्हणायचं तर तक्रार खोटी ठरते. खोट्या तक्रारीबद्दल तक्रारदारावर कारवाई."

सरांचा चेहरा खडूसारखा झाला. "अहो, होता हो आवाज! पलंग थरथरायचा!"

"'होता' हा रकाना नाही."

"खरंच होता, साहेब," बाई कळवळून म्हणाल्या. "मी स्वतः सांगते. फार होता. सरांचं काही चुकलेलं नाही."

"असं?" निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. "म्हणजे चौकशी चालू असताना तुम्ही आवाज नाहीसा केलात. पुरावा नष्ट करणं. मग मात्र मशीन आत्ताच सील करावं लागेल."

खोलीत इतकी शांतता पसरली की यंत्र तिसाच्या खाली गेलं. शेवटी नियमांचा अनुभव असलेला माणूस म्हणून मीच तोडगा काढला: पुरावा पूर्ववत करावा. जुनी मोटर पुन्हा बसवावी, मोजणी व्हावी. निरीक्षकांना आनंद झाला. मात्र आवाज मुद्दाम करायचा तर परवानगी लागते, आणि परवानगीला बाधित व्यक्तीचं ना-हरकत पत्र लागतं. कागदोपत्री बाधित व्यक्ती एकच होती. सरांनी लिहून दिलं, 'माझ्या डोक्यावर सदर आवाज करण्यास माझी हरकत नाही.' यावेळी त्यांनी समास सोडला नाही.

जुनी मोटर नणंदेच्या दुकानात दाराला टेकण म्हणून लावलेली होती. ती परत आली, बसली, जुना पट्टाही चढला. या सगळ्यात बाईंचे तीन दिवस गेले. आठवडा उरला आणि अठ्ठावीस पडदे बाकी.

दुसऱ्या मोजणीला मोटर सुरू झाली. तीच ओळखीची गुरगुर. सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. निरीक्षक म्हणाले, "त्रेपन्न."

"म्हणजे?"

"मर्यादेच्या आत. तक्रार खोटी."

उतरवताना नणंदेने सवयीप्रमाणे मोटर साफ करून तिला तेल दिलं होतं. नीटनेटकेपणाने घात केला. सर मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, ती अजून तापलेली नाही," नणंद म्हणाली. "पाच मिनिटं द्या." आणि ती पाना घेऊन टेबलाखाली शिरली.

पुढची पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. नणंदेने एक बोल्ट सैल केला. चौपन्न. बाईंनी कात्री, पट्टी आणि बटणांचा डबा सहज म्हणून टेबलावर ठेवला, ते सगळं खुळखुळायला लागलं. साडेचौपन्न. मी पंच होतो, निःपक्षपाती असणं माझं कर्तव्य होतं, म्हणून टेबलाच्या ज्या पायाला माझा गुडघा लागला तो मी मोजणीत गृहीत धरत नाही. सर खिडकीतून वाकून खाली ओरडले, "अगं, ऐकतेस का? भांडी घास!" सरांच्या मिसेसनी पातेलं आपटलं ते असं, की त्यात तीस वर्षांचा संसार होता.

"एकसष्ट!" निरीक्षक म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इमारतीत एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती. निरीक्षकांनी तिथेच आदेश लिहिला: उल्लंघन सिद्ध, कमी आवाजाची मोटर सात दिवसांत बसवावी. कमी आवाजाची मोटर त्यांच्याच खुर्चीशेजारी पडली होती. नणंदेने ती तासाभरात चढवली. पूर्ततेच्या नमुन्यात 'मर्यादेच्या आत' असा स्वतंत्र रकाना होता. प्रकरण निकाली. कार्यालयाच्या अहवालात आमची इमारत यशोगाथा म्हणून छापून आली.

पडद्यांचं म्हणाल, तर उरलेल्या दिवसांत सरांच्या मिसेस वर येऊन कडा दुमडत बसल्या. सर मापं वाचून दाखवायचे, मी घड्या घालायचो. साठच्या साठ पडदे एक दिवस आधी गेले आणि चादरींचं काम आलं. बाईंनी सरांना उशीचे दोन अभ्रे शिवून दिले. सर म्हणाले, "बाई, मी आधी तुमच्याशीच बोलायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "आता बोलताय ना."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पंधरा दिवसांनी जिन्यात सरांनी मला गाठलं.

"काय हो, काल चहात साखर जास्त पडली म्हणून घरी वहिनींवर एवढं चिडायचं?"

मी चपापलो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये दोन भिंती आणि एक मजला. मग हळूहळू लक्षात आलं. त्या गुरगुरीवर मात करायला आम्ही सगळेच महिनोन् महिने मोठ्याने बोलत होतो. गुरगुर गेली, आमचे आवाज तसेच राहिले. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याला स्वतःच्या दाताची भीती वाटते, शेजारचा जाड्या डायट सोडून कपाटात बिस्किटं खातो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

याबद्दल माझ्याकडे अजून एकही अर्ज आलेला नाही. उलट संध्याकाळी सात वाजले की घरोघरचे टीव्ही बंद होतात, पंखे मंद होतात आणि इमारत भिंतीला कान लावून बसते.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! दुसऱ्याच्या घरात चाललंय काय, याच्याशी यांना काय करायचंय? अगदी बरोबर. पण मघापासून बाईंच्या टेबलाखालचे बोल्ट, निरीक्षकांचं पोट, सरांचा संसार आणि माझ्या चहातली साखर तुम्ही इतकं कान देऊन ऐकलंत, एकदाही म्हणाला नाहीत, जरा हळू बोला.