द्वारकाकाकू आणि रेकॉर्डिंगचा डब्बा

द्वारकाकाकूंनी सांगितलेली मालिका आणि टीव्हीवर दिसलेली मालिका या दोन वेगळ्या गोष्टी असत. टीव्हीवर सासूनं सुनेला घराबाहेर काढलेलं असे. काकूंच्या तोंडी तीच सून उंबऱ्यात ताठ उभी राहून सासूला चार शब्द सुनावी, आणि सासू घाबरून जिन्यावरून घसरून पडे. मालिकेतल्या घराला जिना नव्हताच. तो काकूंनी बांधला होता.

मला हे ठाऊक असायचं कारण अमरावतीत त्यांची आणि आमची भिंत एक. मालिका संपली की काकू धाकट्या बहिणीला, सिंधूला, बार्शीटाकळीला फोन लावत. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा लावावा लागतो अशी त्यांची समजूत होती, आणि बार्शीटाकळी तर अकोल्याच्याही पलीकडे. त्यामुळे मालिका मी आधी माझ्या टीव्हीवर बघे आणि मग सुधारलेली आवृत्ती भिंतीतून ऐके. खरं सांगायचं तर दुसरी जास्त रंगत असे.

काकूंचं वय साठीच्या पुढचं. नवरा नामदेवराव वलगावच्या वावरात झेंडू, शेवंती आणि मोगरा काढायचे. काकू पहाटे उठून हार गुंफायच्या आणि सकाळभर देवळाबाहेर बसून विकायच्या. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे त्यांचा बघण्याचा डोळा बाजारातला. भेंडीचा शेंडा मोडून, नारळ कानाशी हलवून, लिंबू नाकाशी धरून. त्यांनी एकदा आमच्याकडच्या नव्या फ्रिजवर बोटाचं हाड वाजवून बघितलं होतं आणि ‘बरा हाये’ असा शेरा दिला होता. ‘निवडून घेतलं त रडा लागत नाई’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या गिऱ्हाइकाला, नवऱ्याला आणि लग्नाच्या मुलींना सारख्याच ठसक्यात ऐकवत.

पूर्वी दोघी बहिणी आपापल्या घरी मालिका बघत आणि फोनवर नुसती भांडणं करत. सुनेचं चुकलं की सासूचं, यावर. मग एका दसऱ्याच्या सुमारास सिंधूमावशी म्हणू लागली, ‘ताई, आमच्या इकडं त्या टायमाले लाईट जाते वं. काय झालं आज?’ तेव्हापासून काकू रोज सगळी मालिका सांगू लागल्या, आणि सांगता सांगता तिची डागडुजी करू लागल्या.

एक दिवस त्या माझ्या दारात उभ्या. ‘सर, आमच्या सिंधूची मालिका बुडून राहिली. भरून ठेवाची मशीन भेटते म्हणते. पाह्याले चाला.’

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण काकूंच्या मते शिकलेला माणूस म्हणजे शिकलेला. त्याला डब्यातलंही कळतं आणि तारेतलंही. गेलो.

राजापेठेतल्या पहिल्या दुकानदारानं सांगितलं, ‘काकू, आता असं कोणी घेत नाही. सगळं मोबाईलवर दिसते.’

‘एवढुशा फटीतून काय दिसन?’ काकू म्हणाल्या. ‘माणसं मुंगीएवढी होते. अन् सिंधूचा फोन बटनाचा हाये.’

त्यानं सेट-टॉप बॉक्स दाखवला. मागे पेन ड्राईव्ह लावायची जागा होती. एक बटन दाबलं की चालू कार्यक्रम भरला जाई. काकूंनी डबा तळहातावर तोलला. मग कानाशी नेऊन वाजवला.

‘पोचट लागते.’

‘इलेक्ट्रॉनिक आहे काकू. टरबूज नाही.’

‘टरबूज त कापून पाहता येते. याच्यात काय पाहू?’

पेन ड्राईव्हनं तर त्यांना फारच काळजीत टाकलं. नखाएवढ्या वस्तूत महिनाभराची मालिका मावते यावर त्यांचा विश्वास बसेना. भरली की फुगते का? दोन मालिका आत घातल्या तर एकमेकीत मिसळत तर नाहीत? आणि जाहिराती? त्याही भरल्या जातील, असं दुकानदार म्हणाला तेव्हा काकू उठल्याच. ‘आमी पालकाच्या जुडीत गवत बांधून देल्लं त तुमी घेसान का?’

असं सुरू झालं. दिवाळी आली आणि गेली. झेंडू संपला, शेवंती संपली. अमरावतीतली दुकानं संपल्यावर काकूंना वाटू लागलं की खरा माल अकोल्यातच मिळतो, कारण अकोल्याचे लोक जात्याच व्यापारी. मी पेपर तपासायला अकोल्याला जाई तेव्हा काकू माझ्या गाडीत असत. एका डब्याचा रंग उतरलेला वाटला. एकाचा दिवा लाल होता, ‘रात्रभर लाल डोया दाखवत बसन, झोप कशी लागन?’ एक डबा सगळ्या परीक्षांत पास झाला, पण त्याच्या रिमोटवरचे आकडे बारीक निघाले. काकूंनी तो परत केला. ‘अंकलिपीतल्यासारखे मोठ्ठे पायजे. सिंधूले चष्मा हाये.’

नामदेवराव फार कमी बोलणारे गृहस्थ. एकदा अंगणात फुलं निवडता निवडता मला हळूच म्हणाले, ‘लग्नाच्या वक्ती इनं एवढं पारखलं असतं न सर, त मी आज वलगावात सुखात राह्यलो असतो.’

सिंधूमावशी मात्र फोनवर नको नको म्हणायची. फोन स्पीकरवर असे, तिचा बारीक आवाज मलाही ऐकू येई. ‘काहून याच्यात पडतं ताई? तू सांगतं तेच गोड लागते.’ काकू त्याला भिडस्तपणा समजत. तिच्या मागे फोनवर कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज चालू असे. तो शेजारचा असेल, असं मी धरून चाललो होतो. लाईट गेलेल्या गावात शेजाऱ्याचा टीव्ही कसा चालतो, हा प्रश्न मलाही पडला नाही आणि काकूंनाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, मोगरा सुरू होताना, डबा मिळाला. अकोल्यातल्याच एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे. आकडे मोठे, दिवा हिरवा, आवाज भरीव. त्या माणसानं प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली: यात भरलेलं याच डब्यावर दिसतं, दुसऱ्याच्या टीव्हीला नुसता पेन ड्राईव्ह लावून चालत नाही. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यापासून. काकूंनी क्षणभर विचार केला.

‘म्हणजे दूध दुसऱ्या भांड्यात ओतता येत नाई.’

‘नाही.’

‘मंग भांडंच घेऊन जाऊ.’

त्यांनी तीन-चार आठवडे मालिका भरली. मी बटन दाबायला शिकवलं. त्या दाबून झाल्यावर डब्याला नमस्कार करत. मग एका रविवारी आम्ही बार्शीटाकळीला निघालो. डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून काकूंच्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता खराब होता. ‘हळू सर,’ त्या दोन्ही हात डब्यावर ठेवून म्हणाल्या, ‘मालिका हालन.’

सिंधूमावशी ओसरीवर बसली होती, लसूण सोलत. अंगानं काकूंच्या निम्मी. गाडी थांबली, दार वाजलं, तरी तिनं मान वर केली नाही. काकू ‘सिंधे!’ म्हणाल्या तेव्हा तिचा सगळा चेहरा उजळला. ‘ताई! न सांगता कशी आली वं?’ ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली, आणि आम्हाला पाणी आणून दिलं. पेला तिनं माझ्यापासून जरा लांब धरला होता. मी हात पुढे करून घेतला.

तिच्या मुलानं डबा जोडला. पंखा चालू, दिवा चालू, चित्र स्वच्छ. काकूंनी बहिणीला टीव्हीच्या अगदी समोर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. लग्नघरच्या वरमाईसारखा त्यांचा चेहरा झाला होता. मालिका सुरू झाली. सिंधूमावशी हसत होती, हळहळत होती, सगळं जिथल्या तिथं. मग एक प्रसंग आला. सून काही न बोलता आरशासमोर उभी राहते. नुसतं संगीत वाजतं.

‘इची साडी पाह्य वं,’ काकू म्हणाल्या. ‘तुह्या लग्नातल्या शालूसारखी हाये का नाई?’

‘हो वं,’ सिंधूमावशी म्हणाली. ‘तस्साच हिरवा रंग.’

साडी पिवळीधमक होती.

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग अगदी सावकाश आपला हात तिच्या तोंडासमोरून नेला. सिंधूमावशी टीव्हीकडे बघून तशीच हसत राहिली. आत स्वयंपाकघरात सिंधूमावशीच्या सुनेची भाकर थापायची थपथप थांबली होती.

‘सिंधे,’ काकू म्हणाल्या. इतक्या हळू बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ‘लाईट कधीपासून गेली वं?’

सिंधूमावशीनं पदराशी चाळा केला. ‘दसऱ्याच्या आधीपासून,’ ती म्हणाली. ‘एकदम नाई गेली. हळूहळू.’

मुलगा गडबडून गेला. आई घरात सवयीनं सगळं करते, अडखळते ते चष्म्यामुळे, नंबर बदलून आणू, असं तो म्हणत होता आणि ते राहून गेलं होतं. तिला साखरेचा आजार जुना. गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही. काकू त्याच्यावर ओरडल्या नाहीत. बहिणीला म्हणाल्या, ‘मले काहून नाई सांगतलं?’

‘सांगतलं असतं त तू धावत आली असती. तुहा फुलाचा सीझन. अन् मंग आपण रोज दवाखान्याचंच बोललो असतो, ताई. तेवढा एकच टाइम गोड जाये.’ ती थोडी हसली. ‘टीव्ही त इथं चालूच राहे. मी रोज ऐको. मंग तुहा फोन ये. तुही मालिका चांगली राहे वं. जिन्यावरून पडली ते त लयच चांगलं केलं तू.’

काकूंनी रिमोट उचलला आणि मोठ्ठ्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. टीव्ही कसा बंद करायचा ते त्यांना आठवेना. मी उठून बंद केला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सिंधूमावशीला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता, पण भल्या माणसालाही खरं ते सांगावंच लागतं. साखरेनं आतला पडदा खराब केला होता. उजवा डोळा गेला होता. डाव्यात थोडी नजर होती. सुया देऊन ती टिकवता आली तर टिकवायची. ‘काही महिने आधी आणलं असतं तर,’ एवढं म्हणून ते थांबले.

बाहेर बाकावर काकू माझ्याशेजारी बसल्या. समोरच्या भिंतीकडे बघत बोलल्या. ‘दसऱ्यापासून डब्बा निवडून राहिली मी, सर. याचा रंग, त्याचा दिवा. रोज फोन करो. रोज! सासू काय म्हणे, सून काय म्हणे, सगळं बोलो. तू कशी हाये वं, हे एका दिवशी इचारलं नाई. आमची माय गेली तवा थे एवढीशी होती. आंघोळ घालून तिच्या डोयात काजय मीच घालत होती. रडे, हातपाय झाडे, तरी घालो. डोये मोठे होते म्हणून.’

मी जाऊन चहा आणला, तो निवला.

काकू महिनाभर बार्शीटाकळीलाच राहिल्या. मोगऱ्याच्या भर दिवसांत. नामदेवरावांनी एकट्यानं जमेल तेवढे हार केले, वाकडेतिकडे, आणि गिऱ्हाइकांनी घेतले. काकू परत आल्या तेव्हा डबा तिथंच ठेवून आल्या. सिंधूमावशीची नातवंडं त्यावर कार्टून बघतात म्हणे. सुयांसाठी तिला अकोल्याला न्यायचं असलं की काकू एसटीनं जातात, त्याच दिवशी परततात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाबाहेर बसतात. गिऱ्हाइकानं हार उलटसुलट करून पाहिला तर पूर्वी त्या कौतुकानं बघायच्या. आता म्हणतात, ‘घ्या बाई, चांगला हाये,’ आणि पिशवीत टाकतात.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मालिका ऐकू येत नाही. त्या वेळेला मात्र फोन लागतो. आवाज तेवढाच मोठा, पण बोलणं थोडं.

‘जेवली का? गोयी घेतली? बरं. आज काय दिसलं वं तुले?’

मग काकू ऐकत बसतात. पूर्वी त्यांना ऐकायची सवय नव्हती. मधूनच ‘हं’ येतो, मधूनच एखादा शब्द त्या जोरात परत म्हणतात, म्हणून मलाही कळतं. तुळशीपाशी कोणी तरी पांढरं उभं होतं. बकरीचं पिल्लू असावं. नातवाचा सदरा निळा. दुपारी दारातून उजेड आला तेव्हा स्वतःचा हात, बांगड्यांपर्यंत. एकदा तर भाकरीवरचा फोड दिसला होता. त्या दिवशी काकू अंगणात येऊन मला मुद्दाम सांगून गेल्या.

काल फोन लागला तेव्हा मी खिडकीशीच होतो. काकूंनी जेवणाचं विचारलं, गोळीचं विचारलं. मग काय दिसलं ते विचारलं. आज एकही ‘हं’ आला नाही. पलीकडूनही काही येत नसावं.

‘असू दे वं,’ शेवटी काकू म्हणाल्या. ‘उद्या दिसन.’

त्यांनी फोन ठेवला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या.