नजरेने स्थळ शोधण्याची सुधारित पद्धत

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका वधूवर मंडळाने स्थळं शोधण्यासाठी डोळ्यांवर चालणारं यंत्र बसवलं. पडद्यावर माणसाची नजर जिथे रेंगाळेल, त्याच प्रकारची आणखी माहिती यंत्र पुढे करी. भिंतीवर सूचना होती : 'तोंडी अपेक्षा ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.'

टेंभुर्णीच्या शिवराजला हे फार पटलं. कुर्डुवाडीतल्या एका लग्नात पाहिलेली दानेश्वरी त्याच्या मनात भरली होती, पण वडिलांपुढे तोंड उघडायची त्याची धमक नव्हती. आता तोंडाचं कामच उरलं नव्हतं.

नियमानुसार आधी वडील, म्हणजे रावजी, खुर्चीत बसले.

"आमाला कायबी नगं बगा," ते मंडळाचे संचालक महेश्वरअप्पांना म्हणाले. "पोरगी संस्कारी असली की झालं."

पडद्यावर नेमकी दानेश्वरीच आली. रावजींची नजर फोटोवरून घसरली ती थेट 'शेती' या रकान्यात जाऊन बसली. यंत्राने तत्परतेने शोध सुधारला. पुढच्या पानावर फोटो लहान झाले, मग मुलींची नावं गेली आणि नुसत्या विहिरी, बोअर, उसाचे फड येऊ लागले. रावजी खुर्चीत पुढे सरकले. अखेर अक्कलकोटकडचे गुरप्पा नावाचे बागायतदार शंभर टक्के जुळले.

"आण्णा, ह्यात पोरगी कुटं हाय?" शिवराजने वडिलांना विचारलं.

"गुरप्पांना मूलबाळ नाही," महेश्वरअप्पा गंभीरपणे म्हणाले. "बाकी स्थळ निर्दोष आहे."

"बोलणी तर करू की," रावजी म्हणाले.

शिवराजच्या अंगाचा तिळपापड झाला. "उटा तुमी. आता माजे डोळे बगू द्या त्याला!"

पुन्हा दानेश्वरी आली. शिवराजने तिच्यावर डोळे रोखले. लई गोड हसत होती. मग नजर जराशी खाली उतरली. तिथे लिहिलं होतं, 'भाऊ : नाही.' नजर तिथून हलेना. यंत्राने दानेश्वरीला बाजूला सारलं आणि एकुलत्या एक मुलींची रांगच लावली.

"न्हाय न्हाय, मागं घ्या! तीच पायजे मला!"

"तोंडी आहे हे," महेश्वरअप्पा म्हणाले. "आणि आपण कुठे पाहिलंत ते मुलीकडे आपोआप कळवलं जातं."

शिवराज जिना उतरतो न उतरतो तोच दानेश्वरीचा नकार आला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळात गर्दी अजूनही मावत नाही. फक्त पुढचं नाव पुकारलं की जो तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. आत्ताही खुर्ची रिकामीच आहे. तुम्ही बसता? की घरी विचारून कळवता?