कणकेचे चंद्र

मुलांच्या कामात वडिलांनी जातीने लक्ष घालावे, असे मी एका रविवारी सकाळी ठरवले. निर्णय लहान होता. त्याचे ओझे मात्र माझ्या पोटाला वाहावे लागले.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासणे, खोटे वजन जप्त करणे आणि खऱ्यावर शिक्का मारणे, हे माझे काम. एकसारखेपणा हाच तुमचा धर्म, असे माझी पत्नी म्हणते. धर्म हाच एकसारखेपणा, असे मी म्हणतो. (यावर तिने अद्याप उत्तर दिलेले नाही. ती फक्त चहात साखर घालते, आणि तीही चमच्याने न मापता.)

घरात माझे नियम थोडे आहेत. खाताना बोलू नये. अन्नाला नावे ठेवू नयेत. ताटात काही टाकू नये. अर्धवट काम तसेच सोडू नये. हे चार नियम मी स्वतःच्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावले आहेत. त्या रविवारी जे घडले ते यांपैकी एकही नियम मी न मोडल्यामुळे घडले. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आमची कन्या सात वर्षांची आहे. तिला घरीदारी वकीलबाई म्हणतात, कारण 'आई' आणि 'बाबा' यांच्या पाठोपाठ तिने उच्चारलेला शब्द 'पण' हा होता. हिवाळ्याची सुट्टी संपत आली होती. मुलांनी सुट्टीत स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन सोमवारी शाळेत भरणार होते. ज्याचे काम सर्वांहून निराळे, त्याचे काम वर्गाच्या दारात टांगायचे, असे शिक्षिकाबाईंनी जाहीर केले होते. गेल्या वर्षी वकीलबाईची कागदी होडी कपाटाआड ठेवली गेली होती. ती तिथे कोणालाच दिसली नाही. त्यामुळे यंदा ते दार तिच्या मनात भरले होते.

तिने चंद्राच्या पाच कला करायचे योजले होते. कणकेत मूठमूठ मीठ घालून घट्ट गोळा मळायचा. रंग आणि वास यांसाठी दालचिनीची पूड घालायची. लाटून चंद्र कापायचे, वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक पाडायचे, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचे, रंगवायचे, आणि ओळीने टांगायचे. त्याच टेबलावर माझी पत्नी आले आणि दालचिनी घातलेली बिस्किटे करत होती. थंडीत ती दरवर्षी करते. दुपारी चार वाजता आमच्या प्रार्थनामंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार चहाला यायचे होते.

मी पाहणीसाठी आत गेलो. वकीलबाई सुरीने चंद्र कोरत होती.

"हे काय?"

"कोर आहे."

"चंद्राला कोर नसते. चंद्र नेहमी पूर्ण गोलच असतो. बाकी सगळा उजेडाचा खेळ."

"पण दिसते तर कोरच."

"दिसण्यावर विश्वास ठेवू नये. अज्ञानाची ती पहिली पायरी."

"मग पाचही गोल केले तर कला कशा कळणार?"

"जेवढा भाग दिसत नाही तेवढ्याला काळा रंग लाव."

"मग ती करपलेली बिस्किटं दिसतील, बाबा."

"अहो, करू द्या की तिला मनासारखं," पत्नी म्हणाली.

मी कोर उचलून पुन्हा गोळ्यात मळली आणि मोठ्या पेल्याने पाच गोल चंद्र कापले. जाडी पट्टीने तपासली. मग त्याच पेल्याने बिस्किटेही कापली. घरात माप एकच असावे. बिस्किटेही पाचच केली. पाहुणे दोन, आम्ही तिघे, माणशी एक. मंडळाला संयम शिकवायचा तर तो ताटापासूनच शिकवावा.

"पाहुण्यांना एकेक बिस्किट?" पत्नी म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"खाताना कोणी बोलत नाही," मी भिंतीकडे बोट दाखवले.

वकीलबाईने आपल्या चंद्रांना मुकाट्याने भोके पाडली आणि ती अंगणात निघून गेली. तिने 'पण' म्हटले नाही. मला ते शिस्तीचे यश वाटले.

त्यानंतर मी जपाला बसलो. पत्नीला तिच्या आईच्या डोळ्यांत औषध घालायला जायचे होते. निघताना ती दारात उभी राहून बरेच काही बोलली. ट्रे, भोके, आच, वेळ, असे काही शब्द कानांवर पडले. जप करताना ऐकलेले मी मनात साठवत नाही. मी मान हलवली. ती मान परमेश्वरासाठी होती. तिने ती स्वतःसाठी धरली आणि ती गेली.

जप आटोपून मी स्वयंपाकघरात आलो. टेबलावर दोन ट्रे होते. एकातल्या चकत्यांना भोके होती, दुसऱ्यातल्या चकत्यांना नव्हती. पोर रुसून काम अर्धे टाकून गेली, हे माझ्या अनुभवी नजरेने तत्काळ ओळखले. मी विणकामाची सुई घेतली आणि उरलेल्या पाचांना तितक्याच अंतरावर, तितकीच भोके पाडली. मग दोन्ही ट्रे एकदम ओव्हनमध्ये ठेवले. (भेदभाव मला मान्य नाही.)

दुपारी ते बाहेर काढले तेव्हा माझ्यापुढे दहा तपकिरी चकत्या होत्या. आकार सारखा, जाडी सारखी, भोक सारखे, वासही सारखा. तीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष एकसारखेपणा मी पाहिला नव्हता. क्षणभर मला समाधान वाटले. मग शंका आली की यांत खायचे कोणते.

वकीलबाईला हाक मारता आली असती. परंतु मुलांना विचारून निर्णय घेणारा बाप पुढे मुलांचे ऐकू लागतो. एक तुकडा चाखता आला असता. परंतु पाहुण्यांच्या आधी चाखणे हा उतावीळपणा. उरला तो तराजू. घरी मी एक लहान तराजू ठेवतो. त्यावर प्रत्येक ट्रेतली एकेक चकती तोलली. एक हलकी निघाली, दुसरी चांगली जड. जे जड ते सकस. लोणी, साखर, आले यांचे वजन असणारच. नुसत्या कणकेत असते काय? मी जड चकत्या काचेच्या बशीत मांडल्या आणि हलक्या, रंग देण्याआधी नीट वाळाव्यात म्हणून, अंगणाकडच्या खिडकीत उन्हात ठेवल्या. कर्तव्य पार पाडल्यावर मनाला येते ती शांती मला आली.

पत्नी परतली ती मागच्या दाराने, घाईने, पाहुण्यांच्या जरा आधी. तिने बशी पाहिली.

"भोकं? बिस्किटांना?"

"राहिली होती. मी पाडली."

"राहिली नव्हती, अहो, ती तर खूण होती. मग आता ही कोणती ते तुम्ही कसं..."

"वजनावरून."

तिने डोळे मिटले. ती प्रार्थना करत आहे असे मला वाटले. तेवढ्यात घंटा वाजली, आणि मी बशी घेऊन दिवाणखान्यात गेलो.

अध्यक्ष हे निवृत्त न्यायाधीश. खजिनदार दंतवैद्य आहेत. आमच्या मंडळाची एक रीत आहे, आणि ती मीच घालून दिली आहे. बैठकीत आधी प्रार्थना होते, आणि प्रार्थना संपल्यापासून बशी रिकामी होईपर्यंत कोणी अक्षर बोलत नाही. पत्नी चहा घेऊन आली तेव्हा प्रार्थना संपत होती. तिने तोंड उघडले. मी बोट ओठांवर ठेवले. तिने तोंड मिटले.

अध्यक्षांनी पहिला घास घेतला. भोकापासून दूर, खालच्या कडेला. त्यांनी कित्येक वर्षे निर्विकार चेहऱ्याने साक्षी ऐकल्या आहेत. तोच चेहरा त्यांनी कायम ठेवला, फक्त भुवया हळूहळू केसांच्या दिशेने सरकल्या. दंतवैद्यांनी चावा घेतला. कडकन आवाज आला. त्यांनी जिभेने दातांची हजेरी घेतली आणि पुन्हा नेटाने चावले.

मग मी खाल्ले.

समुद्र वाळवून त्याची चकती केली असती तर अशी लागली असती. मी ती चहात बुडवली. चहा खारट झाला, चकती होती तशीच राहिली. पत्नीने साखरेऐवजी मीठ घातले, हे उघड होते. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे डोळे मोठे करून, बशीकडे खुणा करत पाहत होती. बिचारी शरमेने व्याकूळ झाली आहे, असे मला वाटले. मी तिला मनोमन क्षमा केली. क्षमा करण्यात एक गोडी असते. त्या क्षणी तोंडात तेवढीच होती. तिला धीर यावा आणि इतरांपुढे आदर्श राहावा, म्हणून मी घासामागून घास घेतला आणि शेवटचा तुकडा भोकासकट गिळला.

इतक्यात वकीलबाई दारात आली. बोलायचे नाही हे तिला ठाऊक होते. तिने हात वर केला. मी मानेनेच नाही म्हटले. तिने दुसराही हात वर केला. मी भुवई उंचावली. ती तशीच उभी राहिली. डोळे भरत चालले होते, पण ती एक शब्द बोलली नाही. सर्वांच्या बशा रिकाम्या दिसल्यावर मी म्हणालो, "बोल."

"आता काय उपयोग," ती म्हणाली. "मघाशी बोलू दिलं असतं तर निदान एक तरी वाचलं असतं."

"काय वाचले असते?"

"खिडकीतलं. चिमण्यांनी सगळी संपवली. मला वाटलं माझे चंद्र खातायत, म्हणून हाकलायला गेले. पण मीठ कशाला खातील त्या? म्हणून मी एक तुकडा चाखला. तर ते आल्याचं बिस्किट." ती थांबली आणि तिने आमच्या चौघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. "मग तुम्ही काय खाल्लंत?"

त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली तिला कोणत्याही नियमाची गरज नव्हती.

"चिमण्यांना कळलं," पत्नी हळूच म्हणाली. "आणि त्यांच्याकडे तराजूसुद्धा नव्हता."

वकीलबाई काचेच्या बशीकडे पाहू लागली. सोमवार उद्यावर आला होता आणि तिचे आकाश आम्ही चहाबरोबर खाल्ले होते. तीत एकच चंद्र उरला होता, तिच्या वाट्याचा. मी खजील झालो. काहीतरी बोधपर बोलावे म्हणून तोंड उघडले, पण जीभ टाळूला चिकटली होती.

तेव्हा अध्यक्षांनी घसा खाकरला. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी बरोबर अर्धा चंद्र काढला आणि टेबलावर ठेवला.

"मी तो टाकला नाही," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "फक्त अन्यत्र ठेवला होता."

दंतवैद्यांनी रुमाल उलगडला. आत एक बारीक, वाकडी कोर होती. "जमेल तितकं खाल्लं हो," ते म्हणाले. "उरलेलं दवाखान्यात ठेवणार होतो. माझं ऐकत नाहीत त्या रोग्यांना दाखवायला."

पत्नीने आपली बशी उचलली. खाली तिचा चंद्र होता, एका कडेला जेमतेम चिमणीएवढा चावा घेतलेला.

"तूसुद्धा?" मी म्हणालो.

"मी तर पहिल्यापासून सांगत होते. डोळ्यांनी."

वकीलबाई जवळ आली. तिने पूर्ण चंद्र ठेवला, त्याच्याशेजारी आईचा, मग अध्यक्षांचा अर्धा, मग दंतवैद्यांची कोर. ती मागे सरकली. तिचा चेहरा हळूहळू उजळू लागला, अगदी पाठ्यपुस्तकात दाखवतात तसा, उजवीकडून डावीकडे.

"आई," ती म्हणाली, "ह्या तर कला झाल्या."

"बाईसाहेब," न्यायाधीशांनी अदबीने विचारले, "उष्टा चंद्र चालेल का?"

"गोलापेक्षा बरा," वकीलबाई म्हणाली.

दंतवैद्य आधी हसले. मग अध्यक्ष हसले, आणि त्यांना असे हसताना मंडळात कोणी पाहिले नव्हते. चार वाजता आलेले पाहुणे दिवेलागणीपर्यंत बसले. अध्यक्षांनी बाह्या सारून आपला अर्धा चंद्र रुपेरी रंगवला. दंतवैद्यांनी कोरीच्या कडा आपल्या बारीक हत्यारासारख्या नाजूक हाताने घासून दिल्या. पत्नीने नवी बिस्किटे केली. ती कोणी मोजली नाहीत, सगळी वेडीवाकडी होती, आणि खाताना सगळे एकदम बोलत होते. मी पाणी पीत होतो. मला कोणी नियमाची आठवण करून दिली नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ती झाली नाही.

"पण एक कमी पडतो," वकीलबाई मध्येच म्हणाली. "बाबांचा कुठाय?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"मी ताटात काही टाकत नाही," मी म्हणालो.

सोमवारी आम्ही शाळेत गेलो. चंद्र वर्गाच्या दारातच टांगले होते. पालकांची गर्दी होती. चार दोऱ्यांना चार चंद्र होते, आणि पाचवा दोरा रिकामा लोंबत होता. लोक सर्वांत जास्त वेळ त्या रिकाम्या दोऱ्यापुढेच थांबत होते. त्याखाली वकीलबाईच्या हस्ताक्षरात लिहिले होते: 'अमावस्या. माझ्या बाबांनी केली.'

"इथे चंद्र का नाही लावलास गं?" शिक्षिकाबाईंनी विचारले.

"आहे ना, बाई," वकीलबाई म्हणाली. "चंद्र नेहमी पूर्ण गोलच असतो. हा बाबांच्या पोटात आहे, म्हणून दिसत नाही. दिसण्यावर विश्वास ठेवू नये."

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिले. त्यांच्यामागे ओळीने उभ्या असलेल्या पालकांनीही पाहिले. त्यांत असे दोन दुकानदार होते, ज्यांची वजने मी जप्त केली आहेत.

मी मान हलवली. (ती मान परमेश्वरासाठी नव्हती.)